आइसलँडी कागदाच्या तीन वह्या: प्रकल्प नोंदी

२ जून

ऑगस्टअखेर वाचनालयाच्या छोट्या दालनात प्रदर्शन. चार टेबलं, एक भिंत, बारा फलक. विषय मीच मागून घेतलाय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही: सोळावं ते अठरावं शतक, आइसलँड, आणि तिथली कागदावरची हस्तलिखितं.

समितीतले एक काका म्हणाले, "अहो, कागद कसला दाखवताय? त्यांच्या त्या कातड्यावरच्या पोथ्या दाखवा की. तिथे तरी माणसं थांबतील." काकांचं चुकत नाही. ‘फ्लातेयारबोक’ला ११३ वासरांची कातडी लागली असं सांगतात, एवढं ऐकल्यावर कोणीही मान वळवणारच. २१ एप्रिल १९७१ ला ती पोथी आणि काव्य-एड्डाची (जुन्या देव-वीरांवरच्या कवितांचा संग्रह) ४५ पानांची लहानशी पोथी डॅनिश नौदलाच्या जहाजातून रेक्याविकला परत आली, तेव्हा धक्क्यावर हजारो लोक उभे होते. कागदाच्या नकलेसाठी धक्क्यावर कोण जाणार?

पण आज शिल्लक असलेल्या आइसलँडी हस्तलिखितांत बहुतेक कागदाचीच आहेत. मान कातड्याला मिळाला, ओझं कागदाने वाहिलं, असं माझं म्हणणं. हे वाक्य फलकावर येता कामा नये. वह्या हातात घेतल्यावर कळलं तर खरं.

तीन नमुना-वह्या करायच्या, प्रत्येकीला एक खरं हस्तलिखित पुढे ठेवून. मोठी वही: विलिंगाहोल्टच्या पाद्रीने १६५१ मध्ये केलेली ‘ईस्लेंडिंगाबोक’ची नक्कल. मधली: पाद्री-कवी हालग्रीमुर पेटुर्सॉनच्या हातची स्तोत्रं, १६५९. धाकटी: बिशप गिस्सुर एइनार्सॉनची पत्रांची वही.

५ जून

धाकटीपासून सुरुवात, कारण ती सगळ्यांत जुनी.

गिस्सुर एइनार्सॉन हा स्कालहोल्टचा पहिला ल्यूथरपंथी बिशप, १५४० ते १५४८. पाठवलेल्या पत्रांच्या नकला ठेवायला त्याने एक वही केली. आइसलँडच्या टिकून राहिलेल्या कागदी पुस्तकांत ही सर्वांत जुनी धरतात. मला यातलं आवडलं ते हे, की कागद तिथे शिरला तो दप्तरातून. देवळाच्या वेदीवर नाही, राजाच्या नजराण्यातही नाही. रोजची जावक नोंदवायला कातडं वापरणं म्हणजे भाजी आणायला पालखी काढण्यासारखं, हे बिशपच्या कचेरीतल्या कोणा कारकुनाच्या आधी लक्षात आलं असणार. गाथा (म्हणजे तिकडच्या पूर्वजांच्या, वीरांच्या आणि राजांच्या गद्य कथा), कायदा, वंशावळी यांच्यासाठी कातडं आणखी काही दशकं टिकलं. मग तेही मागे पडलं.

कागद जहाजाने यायचा. आधी हाम्बुर्गच्या व्यापाऱ्यांकडून, आणि १६०२ पासून डॅनिश राजाने मक्ता दिलेल्या कोपनहेगन, माल्मो आणि हेल्सिंगोरच्या व्यापाऱ्यांकडून. हा मक्ता १७८७ पर्यंत चालला. जहाजं उन्हाळ्यात येणार, हिवाळा लागायच्या आत परतणार. म्हणजे वर्षाचा कागद वर्षातून एकदाच भरायचा, आपल्याकडे पूर्वी आगोटीला धान्य भरायचे तसा.

६ जून

कालचं वाक्य डोक्यात होतं म्हणून एक हिशेब केला. होलारचा बिशप गुडब्रांडुर थोरलाक्सॉन याने १५८४ मध्ये पूर्ण बायबल आइसलँडी भाषेत छापलं. सुमारे ५०० प्रती, प्रत्येकी बाराशेच्या वर पृष्ठं. फोलिओ आकार म्हणजे एका तावाची चार पृष्ठं, म्हणजे एका प्रतीला किमान ३०० ताव. पाचशे प्रतींना दीड लाख. रिमांच्या भाषेत तीनशेच्या वर रिमं, आणि त्यात छपाईत खराब झालेले ताव धरलेले नाहीत. तेवढा कागद समुद्र ओलांडून उत्तर किनाऱ्याला आणि तिथून दरीत होलारपर्यंत. कोरडा!

फलक क्र. २ साठी हा हिशेब पुरेसा. विशेषणांची गरज नाही.

९ जून

आज घड्या. बाइंडिंगवाल्या मामांच्या दुकानात बसून तीन ताव दुमडले. मामांचं अर्धं आयुष्य ‘जुजबंदी’ करण्यात गेलंय, त्यामुळे त्यांना घडी समजवायला जाणं म्हणजे आगाऊपणा. उलट त्यांनीच मला एक शिकवलं: कागद आधी उजेडाला धर, मग घडी घाल.

उजेडाला धरल्यावर हातकागदाच्या तावात काय दिसतं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण सगळा प्रकल्प यावर उभा आहे. साच्याच्या तळाशी तारा असतात. बारीक तारा जवळजवळ, त्यांच्या रेषा दाट. त्यांना काटकोनात जाड तारा लांब लांब, त्यांच्या रेषा विरळ. या ‘साखळी-रेषा’ तावाच्या आखूड बाजूला समांतर जातात. आणि तारेचीच वळवून केलेली एखादी आकृती साच्यावर टाकलेली असते. तिच्यावर लगदा पातळ बसतो, म्हणून तेवढा कागद उजेडात उजळ दिसतो. तेच जलचिन्ह. ते तावाच्या एका अर्ध्या भागाच्या मध्यावर असतं.

एक घडी घातली की फोलिओ: साखळी-रेषा उभ्या, चिन्ह एका पानाच्या मधोमध. दुसरी घडी, क्वार्टो: रेषा आडव्या होतात आणि चिन्ह शिवणीच्या खाचेत जाऊन दोन पानांत अर्धं अर्धं वाटलं जातं. तिसरी घडी, ऑक्टाव्हो: रेषा पुन्हा उभ्या, चिन्ह शिवणीकडच्या वरच्या कोपऱ्यात, त्याचे चार तुकडे.

मामा म्हणाले, "म्हणजे पुस्तक फाटून पानं विखुरली तरी कुठलं पान कुणाचं जोडीदार ते लावता येईल." अगदी हेच. अभ्यासक हेच करतात.

१५ जून

जलचिन्ह कुठलं घ्यायचं? सतराव्या शतकात उत्तर युरोपभर दोन चिन्हं फार पसरलेली होती: अ‍ॅमस्टरडॅम शहराचं ढालचिन्ह, आणि विदूषकाचं डोकं, त्यावर घुंगरांची टोपी. ढालीच्या दोन बाजूंना सिंह आणि वर मुकुट. तार वळवणारा मी एकटा. टोपी घेतली.

हातकागद करणाऱ्या एका कारखान्यात ओळख काढून एका दिवसासाठी साचा मिळवला. पितळेची बारीक तार, नाकाचा चिमटा, खाली रेखाटन. टोपीची पाच टोकं आणि गळपट्टीची सात टोकं करायला चार तास लागले, ते घरी. साच्यावर बांधायला तिथे अर्धा तास.

पहिले सहा ताव: टोपीच्या जागी एक ढग. लगदा जाड झाला होता. तिथल्या ताईंनी हौदात पाणी वाढवलं, साचा उचलताना एक हलकासा झटका दिला आणि सातव्या तावात विदूषक आला. तो झटका मला दिवसभरात जमला नाही.

तार दिवसअखेर एका टोकाला सुटून वाकली, तेव्हा शेवटच्या तावांतल्या विदूषकाचं नाक खाली आलंय. आधी वाईट वाटलं. मग आठवलं की याच गोष्टीवर तारीख लावतात. गिरणीत दोन साचे आळीपाळीने चालायचे, म्हणून प्रत्येक चिन्हाला एक जुळं भाऊबंद असतं, थोडं वेगळं. दोन्ही वापराने वाकत जातात, झिजतात, शेवटी बदलले जातात. कुठल्या तारखेच्या पत्रात कुठल्या अवस्थेतला विदूषक आहे हे लावलं की बिनतारखेच्या वहीचा काळ काही वर्षांच्या अंतरात आणता येतो. नाक पडलेले ताव ठेवून दिले. ते टेबल २ वर.

१७ जून

‘हांड्रिट’ या संकेतस्थळावर रात्रभर. आइसलँड आणि कोपनहेगनच्या संग्रहांची ही एकत्रित सूची, हजारो पानांचे फोटो फुकट. हांड्रिट म्हणजे हात अधिक लिखित. आपला ‘हस्तलिखित’ शब्द जसाच्या तसा.

अडचण: फोटो समोरून उजेड टाकून काढलेले. अक्षर लख्ख, कागद मुका. जलचिन्ह बघायला पान मागून उजळावं लागतं. कागदाच्या इतिहासासाठी शेवटी पानापाशीच जावं लागतं, हा धडा.

दुसरी गोष्ट, स्वतःची चूक. फलक ३ च्या मसुद्यात मी ‘क्रमांकात क्वार्टो म्हटलंय म्हणजे ताव दोनदा दुमडलाय’ असं लिहिलं होतं. खोडलं. संग्रहाच्या क्रमांकातला फोलिओ, क्वार्टो, ऑक्टाव्हो हा मांडणीवरचा आकार सांगतो, कुठल्या कपाटात ठेवायचं ते. घडी किती वेळा घातली ते रेषांनाच विचारायचं.

२४ जून

मोठी वही. आज विलिंगाहोल्टच्या योन एर्लेंड्सॉनबद्दल.

स्कालहोल्टचा बिशप ब्रिन्योल्फुर स्वेइन्सॉन जुन्या पोथ्या गोळा करत होता. त्याला स्कालहोल्टमध्ये छापखाना काढून त्या छापायच्या होत्या. देशात छापखाना एकच, होलारला, आणि तिथल्या बिशपने हे होऊ दिलं नाही. मग उरला हाताने उतरवून घेण्याचा मार्ग. योन एर्लेंड्सॉन त्याचा लेखनिक.

‘ईस्लेंडिंगाबोक’ हा बाराव्या शतकात आरी थोर्गिल्सॉनने लिहिलेला आइसलँडच्या वसाहतीचा छोटासा इतिहास. तो १२०० च्या आसपासच्या एका चर्मपत्री पोथीत होता. योनने १६५१ मध्ये ती कागदावर उतरवली. बिशपचं समाधान झालं नाही. पुन्हा उतरव. पुन्हा उतरवली. शतक संपेपर्यंत मूळ पोथी नाहीशी झाली, इतकी की पुढे पोथीसंग्राहक आर्नी माग्नुसॉनने शोधली तेव्हा मागमूस लागला नाही. आज आरीचा ग्रंथ आपल्याला कळतो तो या दोन कागदी नकलांमुळे.

आपल्या पोथ्यांच्या शेवटी ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’ असतं. जसं दिसलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्ध असेल तर दोष मला देऊ नका. बिशपने योनला ही पळवाट ठेवली नाही. एका कटकट्या साहेबामुळे आज दोन नकला एकमेकींशी ताडून बघता येतात. नोकरीत असताना अशा साहेबांबद्दल मी काय काय बोललोय ते आठवून गप्प बसलो.

१ जुलै

मग जुन्या कातड्याचं काय झालं? हा फलक (क्र. ५) बहुतेक सगळ्यांत जास्त वाचला जाईल.

कातडं टाकून कोण देतं? कॅथलिक पंथ जाऊन ल्यूथरपंथ आला, लॅटिन प्रार्थनापुस्तकं निरुपयोगी झाली. त्यांची पानं नव्या कागदी पुस्तकांची वेष्टनं झाली. जुन्या प्रेमकथांच्या पोथीची काही पानं बिशपच्या टोपीला आतून ताठपणा यावा म्हणून कापून घातलेली सापडली. स्टुर्लुंगा गाथेच्या एका पोथीच्या पानावर शिंप्याने अंगरख्याचा पाठीचा भाग बेतला. पान आजही त्या बेतात कापलेलं आहे. एका पोथीच्या पानाला भोकं पाडून चाळणी केली होती, त्या पानांवर प्राण्यांची चित्रं आहेत.

हसू येतं, पण यात अडाणीपणा शोधू नये. अक्षर जुनं, वाचता येईना, त्यातला मजकूर शेजारच्याच कपाटात कागदावर सुवाच्य उतरवलेला. अशा वेळी चिवट, ओलं झालं तरी न फाटणारं कातडं हे घरातलं उपयोगी सामान होतं. नक्कल झाली की मूळ मोकळं.

म्हणजे कागदाने पोथी वाचवली आणि कागदानेच तिला चाळणीच्या वाटेलाही लावलं. हे माझ्या २ जूनच्या वाक्यात बसत नाही. बसलं नाही तरी फलकावर येणार.

६ जुलै

पाऊस. खळ वाळत नाही. फोलिओच्या पुठ्ठ्याला बुरशीचा वास. मामांनी मोरचूद घातलेली खळ दिली आणि "पावसाळ्यात बांधणी घेऊ नये" हे तिसऱ्यांदा सांगितलं.

१३ जुलै

आर्नी माग्नुसॉन. हा फलक तीन वेळा लिहिला आणि तिन्ही वेळा लांबला, म्हणून आधी इथे मोकळं लिहून घेतो.

जन्म १६६३. लहानपण आजोळी, ह्वाम्मुरला. आजोबा केटिल योरुंड्सॉन पाद्री, आणि हौसेने गाथांच्या नकला करणारे. एगिलच्या गाथेच्या त्यांनी दोन नकला केल्या, दोन्ही कागदावर. त्या गाथेचा एक पाठ संपूर्ण मिळतो तो फक्त या आजोबांच्या हातचा. नातू सहा-सात वर्षांचा असताना आजोबा गेले. पुढे तोच नातू युरोपातला सर्वांत जिद्दी पोथीसंग्राहक झाला, यात आजोबांच्या शाईचा वास असणारच, पण हे माझं मत.

१७०२ ते १७१२ आर्नी आणि पाउल विडालिन यांना डॅनिश राजाने आइसलँडची जमीनमोजणी-नोंद करायला पाठवलं. १७०३ ची खानेसुमारी त्यातलीच: घर, नाव, वय, हुद्दा, ५०,३५८ माणसं. भिकारीसुद्धा नावानिशी. एवढी सगळी माणसं कागदावरच मावली. शेतावर शेतावर फिरताना आर्नी पोथ्या मागायचा, विकत घ्यायचा, उसन्या घ्यायचा. चिंध्याही घ्यायचा: एक पान, अर्धं पान, बेतलेलं पान. फलक ५ वरचं बरंचसं टिकलं ते त्याच्यामुळे. प्रत्येक पोथी कुणाकडून, कधी, कशी मिळाली याच्या चिठ्ठ्या लिहून तो पोथीला जोडायचा. त्या चिठ्ठ्या कागदाच्या.

आता त्याची दुसरी बाजू. लोकांच्या घरच्या कागदी वह्या म्हणजे मिसळ: एक गाथा, मग वंशावळ, मग औषधं, मग पुन्हा गाथा. आर्नीला ते अव्यवस्थित वाटे. तो वह्या सोडवायचा आणि गाथेप्रमाणे पुन्हा लावायचा. त्यामुळे कुठल्या घरात काय शेजारी शेजारी वाचलं जात होतं हे कळायची वाट मोडली. आज अभ्यासक जलचिन्हं, घड्या, जुन्या शिवणीची भोकं आणि आर्नीच्याच चिठ्ठ्या जुळवून ती मोडलेली घरं पुन्हा बांधताहेत. मामांच्या ‘जोडीदार पान’ वाक्याची आठवण झाली.

आणि आग. २० ऑक्टोबर १७२८, कोपनहेगन. आपल्या घरापर्यंत येणार नाही या भरवशावर त्याने हालचाल उशिरा केली. मग तो, त्याचा लेखनिक ग्रुन्नाविकचा योन ओलाफ्सॉन आणि फिन्नुर योन्सॉन यांनी गाडीत भरून जेवढं नेता आलं तेवढं नेलं. चर्मपत्री पोथ्या बहुतांशी वाचल्या. छापील पुस्तकं आणि त्याने आयुष्यभर काढलेली टिपणं यांची मोठी राख झाली. पंधरा महिन्यांनी, ७ जानेवारी १७३० ला तो गेला. संग्रह विद्यापीठाला.

फलकाला ९० शब्द मिळतात. आजोबा, चिठ्ठ्या आणि गाडी एवढं ठेवतो.

१४ जुलै

एक जोड राहिली. त्याच आगीत विद्यापीठाचं ग्रंथालय गेलं. त्यात ‘क्रिंगला’: नॉर्वेच्या राजांच्या गाथांची तेराव्या शतकातली पोथी. आज तिचं एकच पान आहे. ते स्वीडनमध्ये होतं, १९७५ मध्ये स्वीडनच्या राजाने आइसलँडला भेट दिलं.

पण मजकूर बुडाला नाही. आस्गेइर योन्सॉन नावाचा आइसलँडी लेखनिक नॉर्वेत कार्मोय बेटावर इतिहासकार थोर्मोडुर टोर्फासॉनकडे कामाला होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने ती पोथी कागदावर उतरवून ठेवली होती, सुंदर, गोल, सावकाश हाताने. राजांच्या गाथा आज क्रिंगलाच्या आधाराने छापतात तेव्हा पुढ्यात त्याच्या नकला असतात.

आग लागली तेव्हा आस्गेइर जाऊन एकवीस वर्षं झाली होती. आपण काय वाचवलं हे त्याला कळलंच नाही.

२० जुलै

मधली वही शिवून झाली. दाबात ठेवली.

हालग्रीमुर पेटुर्सॉनची ५० स्तोत्रं, ख्रिस्ताच्या यातनांवरची. १६५९ मध्ये पूर्ण झालेली स्वहस्ताक्षरातली वही त्याने मे १६६१ मध्ये बिशप ब्रिन्योल्फुरच्या मुलीला, राग्नहेइडुरला, पाठवली. त्याच महिन्यात, ११ मे ला, स्कालहोल्टच्या देवळात त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला आपण कुमारिका असल्याची शपथ भर लोकांत घ्यावी लागली होती. पुढच्या फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. १६६३ मध्ये ती गेली. वही राहिली, रेक्याविकच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. स्तोत्रं १६६६ ला होलारला छापली गेली, आणि आइसलँडी घरांत आजही म्हटली जातात.

नमुना-वहीत पाच कडव्यांची जागा रिकामी ठेवली. माझ्या हाताने आइसलँडी अक्षरं काढून त्या वहीची नक्कल म्हणायला नको.

२८ जुलै

छापखाना असूनही लोक हातानेच का लिहीत राहिले? हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार.

उत्तर सरळ आहे. छापखाना १७७३ पर्यंत चर्चच्या ताब्यात. १५३० च्या सुमारास होलारला आला, १६८५ ला स्कालहोल्टला गेला, १७०३ ला परत. छापणार काय? बायबल, प्रवचनं, स्तोत्रं. आरीचा इतिहास १६८८ मध्ये छापला हा अपवाद. करमणुकीच्या गाथा होलारला पहिल्यांदा छापल्या त्या १७५६ मध्ये. बिगरचर्ची छापखाना ह्राप्सेय बेटावर निघाला १७७३ ला. तोवर गाथा हवी असेल तर शेजाऱ्याकडची आणा आणि उतरवून घ्या.

आणि गाथा हवीच असायची. हिवाळ्यात दिवस संपतो दुपारीच. सगळं घर एका खोलीत, बाडस्तोव्हात: कोणी लोकर पिंजतंय, कोणी कातंय, कोणी विणतंय. माशाच्या तेलाचा दिवा एक. त्याच्यापाशी वाचणारा, किंवा गाथेवर रचलेली रीमुर नावाची लांबलचक पद्यं गाणारा. या बैठकीला ‘क्वोल्डवाका’ म्हणतात, रात्रीचं जागरण. १७४६ मध्ये सरकारने फर्मान काढलं की घरच्या कर्त्याने असल्या गाथा-रीमुरांना आळा घालावा. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत उतरवलेल्या गाथांच्या वह्या संग्रहांत रांगेने उभ्या आहेत, तेवढं उत्तर बास.

ऐकणाऱ्यांचे हात कामात, डोळे मोकळे नाहीत. म्हणून एका वहीला वाचक एक आणि श्रोते दहा. या वह्यांची खालची कोपरी काळी पडलीत, कडा झिजल्यात, तेलाचे डाग आहेत. राजाला नजर केलेल्या पोथीवर असे डाग पडत नाहीत.

३ ऑगस्ट

शाई. तिकडे सोर्तुलिंग नावाचं जमिनीलगत पसरणारं, लाल फळांचं झुडूप विलोच्या डहाळ्यांबरोबर उकळून शाई करत; काळी, दाट, चकाकणारी. ते झुडूप इथे कुठून आणणार. हिरडा आणि हिराकस घेतला. रंग छान आला. फलकावर ‘ही आइसलँडी शाई नव्हे’ असं ठळक लिहायचं, नाहीतर कोणीतरी हिरडा आइसलँडला नेऊन पोचवेल.

लेखणीला कावळ्याचं पीस कापून बघितलं. दोन ओळींत मोडलं. हंसाचं नाही, म्हणून बदकाच्या पिसावर भागवलं.

९ ऑगस्ट

काल रात्री योन इंडियाफारी वाचताना झोप गेली. ‘इंडियाफारी’ म्हणजे हिंदुस्थान-प्रवासी.

पश्चिमेकडच्या फ्योर्डमधला शेतकऱ्याचा पोरगा, जन्म १५९३. इंग्लिश जहाजावर चढून निघाला, डेन्मार्कच्या राजाचा तोफची झाला, आणि १६२२ मध्ये तरंगमबाडीला यायला निघाला. डॅनिश लोकांनी तिथे नुकताच डान्सबोर्ग किल्ला बांधला होता. तंजावरात तेव्हा नायकांचं राज्य. व्यंकोजीराजे तिथे पोचायला अजून पन्नासेक वर्षं होती. किल्ल्यात दारूचा स्फोट झाला, योन जबर जखमी झाला आणि परत पाठवला गेला. १६६१ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, त्याने आपली हकिकत लिहिली.

ती छापली गेली १९०८-०९ मध्ये. मधली जवळजवळ अडीचशे वर्षं तरंगमबाडीची देवळं, बाजार, तिथला उकाडा हे सगळं आइसलँडच्या थंड खोल्यांत नकलेवरून नकलेत फिरत राहिलं. कावेरीकाठचं वर्णन, उत्तर ध्रुववृत्ताजवळ, माशाच्या तेलाच्या दिव्यापाशी, लोकर कातत ऐकणारी माणसं. बारा फलकांत तेरावा घुसवला. काकांना सांगितलं. हिंदुस्थान म्हटल्यावर काका खूश.

१६ ऑगस्ट

चित्रांचा फलक. ओडिन आणि त्याचा आठ पायांचा घोडा, किंवा जग चाटून काढणारी गाय, ही चित्रं आता टी-शर्टपासून सगळीकडे दिसतात. पुष्कळांना ती व्हायकिंग काळातली वाटतात. त्यातली बरीच अठराव्या शतकातल्या कागदी वह्यांतली आहेत. एक वही १७६५-६६ ची, याकोब सिगुर्डसॉनची: पूर्वेकडचा गरीब कूळ-शेतकरी, नकला करणारा, कवी, चित्रकार. त्याची ती वही स्थलांतरितांबरोबर कॅनडात गेली आणि २००० मध्ये परत आली.

दुसरी १६८० ची, चित्रमय एड्डा. तिचा आकार इतका अरुंद आणि उंच की तिला ‘लांबोळी एड्डा’ अशा अर्थाचं लॅटिन नाव पडलंय. बघताक्षणी आपल्या कीर्तनकारांचं बाड आठवलं. हात एवढाच, कागद एवढाच, बगलेत मारून न्यायचं एवढंच. माणसं वेगवेगळ्या समुद्रांवर राहूनही त्याच आकाराशी येतात. मामांना फोटो दाखवला तर म्हणाले, "ताव उभा कापलाय, उरलेल्या पट्टीचं काहीतरी केलं असणार."

२३ ऑगस्ट

शेवटचे लेखनिक. माग्नुस योन्सॉन, त्याल्दानेसचा शेतकरी, १८३५ ते १९२२: गाथांचे २० जाड खंड, हाताने. सिग्व्हातुर ग्रीम्सॉन, मासेमारी करणारा गरीब शेतकरी: १८६३ पासून १९३० मध्ये मरेपर्यंत रोजनिशी, शिवाय पाद्र्यांची चरित्रं आणि ढीगभर नकला. हे चालू असतानाच १८९१ पासून रेक्याविकच्या एका पुस्तकविक्रेत्याने गाथांच्या स्वस्त छापील प्रती काढायला सुरुवात केली होती. तरी माग्नुस लिहीत राहिला. स्वस्त छापील मिळत असताना हाताने का? माझ्याकडे उत्तर आहे पण ते हौशी माणसाचं आहे: उतरवताना गाथा आपली होते. आमच्या घरी आजीने पारायणासाठी पोथी विकत आणली होती आणि तरी शेवटपर्यंत वहीत ओव्या उतरवून काढायची.

फलक १२ छापायला गेला. ‘सिग्व्हातुर’ दोन ठिकाणी दोन प्रकारे. एकाच दिवशी दोन नकला केल्या की असंच होतं.

३० ऑगस्ट

मांडणी झाली. सकाळी दहाला दार उघडलं. मोठ्या वहीपाशी गर्दी नाही, टोपीतल्या पानांच्या फलकापाशी आहे, अंदाज बरोबर.

टेबल २ वर काचेखाली दिव्याची पाटी बसवलीय, मधली वही त्यावर उघडी. दुपारी सातवी-आठवीतली एक मुलगी बराच वेळ खाचेत डोळा लावून होती. "काका, ह्या टोपीची अर्धीच घुंगरं आहेत." मी म्हटलं, उरलेली याच तावात आहेत, शोध. तिने पानं एकेक करून उजेडावर उलटली. एक कोरं, दुसरं कोरं. तिसऱ्यावर थांबली, बोट ठेवलं, पुन्हा पहिल्यावर आली.

"पण ह्याचं नाक पडलंय."

नाक पडलेल्या तावांतला एक मी चुकून याच वहीत शिवलाय. मामांना अजून सांगितलेलं नाही.